बाल्कांवातल्या रॅकेटी

चिखली, गोवा
रविवार, २० सप्टेंबर २०१५

लाडक्या ओलिंदाबाय,

तुला, रुईला आणि मातेउशला पप्पाचे अनेक आशीर्वाद. तुमच्याकडे थंडीला अजून अवकाश असेल, तरी मातेउशच्या छातीला जपा. सायबीण मारियेच्या कृपेने इथे आमचं बरं चाललं आहे.

पाकिटावर पप्पाचं अक्षर बघून तू दचकली असशील. दचकू नकोस. मला लिहायला तुझ्या मम्माने बसवलं आहे. मी म्हटलं, फोन आहे की, रविवारी ओलिंदा करतेच. तर म्हणाली, "फोनवर तू विनोद करतोस, ती हसते, आणि सांगायचं ते राहून जातं. कागद घे. विमान मोडलंस की वरच्यांना लिहून द्यायचास ना, तसं लिही." इतकी वर्षं संसार केलेल्या बाईने असा नेम धरला. बसलो.

आधी घरची खबर. पाऊस ओसरला आहे, पण विहिरीमागचं गवत माझ्या खांद्याला लागतं. या वर्षी वेलीला तवशी भरपूर लागली, शेजाऱ्यांना वाटूनही उरतात. नारळ पाडणारा येतो येतो म्हणतो आणि येत नाही. बोसनला आता मुळीच ऐकू येत नाही. धावपट्टीवरून पोरांची नवी विमानं उडतात तेव्हा आपल्या खिडक्या थरथरतात, कपाटातल्या बशा वाजतात, आणि हा कुत्रा पोट वर करून झोपलेला असतो. नौदलाच्या घरातल्या कुत्र्याला हे शोभत नाही, असं मी त्याला रोज सांगतो.

मी हल्ली पेज करायला शिकलो आहे. पहिल्या दिवशी खाली लागली. दुसऱ्या दिवशी मीठ दोनदा पडलं. आता शेजारच्या सेबेस्त्यांवची बायको कोंसेसांव कुंपणावरून वाकून बघते आणि "पुरे आता, कमांडर, उतरवा" म्हणते, तेव्हा मी उतरवतो. बरोबर खाऱ्या आंब्याची फोड. मम्मा खाते, नावं ठेवते, आणि वाडगा रिकामा करून देते. पाव आणायला पायी जातो. बाजारातही बसने जातो. मासेवाली विचारत होती, "गाडी खंय?" मी म्हटलं, विश्रांती घेते आहे.

दारापुढच्या ओसरीचा, आपल्या बाल्कांवाचा, डावा बाक पडला आहे. गवंडी म्हणाला, चवथ झाली की येतो. त्याच्याकडे गणपती पाच दिवस असतो, तेव्हा या आठवड्यात यायला हरकत नाही. तोवर आम्ही संध्याकाळी उजव्या बाकाजवळच बसतो. म्हणजे मी बाकावर, आणि ती खुर्चीत.

बघ, इथवर येऊन पेन अडकलं. तू नर्स आहेस. मम्मा खुर्चीत का, पेज मी का करतो आणि बाक कसा पडला, हे तू आत्तापर्यंत जोडलंही असशील. तर सरळच लिहितो. मम्माचा डावा खुबा मोडला होता. शस्त्रक्रिया झाली आहे, आत सळई घातली आहे, ती घरी आली आहे, आणि चालायची चौकट धरून बाल्कांवापासून न्हाणीपर्यंत चालते. डॉक्टर खूश आहेत. आता श्वास घे आणि पुढचं वाच. गेल्या रविवारी मी तुला सांगितलं की ती शेजारी प्रार्थनेला, लादाइन्याला गेली आहे, ते खोटं होतं. त्या वेळी ती इस्पितळात होती.

आणि खुबा तिचा पाय घसरून मोडला नाही. माझ्या गाडीने मोडला.

कसं झालं ते सांगायला मला जरा मागे जावं लागेल. तुला हे सगळं पाठ आहे, पण मातेउश मोठा झाला की त्याला वाचून दाखव, म्हणून लिहितो. बोटीवर विमान उतरवणं म्हणजे जमिनीवर उतरवणं नव्हे. शेपटीखाली एक हुक असतो, तो डेकवर आडव्या बांधलेल्या तारांपैकी एकीत अडकला तर थांबलास, नाही तर पुढे समुद्र. म्हणून थांबायच्या वेळी आम्ही इंजिन कमी करत नाही, पूर्ण जोरात सोडतो, तार चुकलीच तर पुन्हा उडता यावं म्हणून. आणि डेकच्या काठावर एक अधिकारी उभा असतो, तो तुला उतरवतो. जुन्या काळी त्याच्या दोन्ही हातांत बॅटी असायच्या. आमच्या वेळी दिवे होते, कानात रेडिओ होता, तरीही आम्ही त्याला बॅट्समनच म्हणायचो.

माझा बॅट्समन बोपय्या. कोडगूचा. तुझ्या बाप्तिस्म्याला चांदीचा चमचा त्यानेच आणला होता. जमिनीवरच्या धावपट्टीवर रंगाने डेक आखून आमचा सराव व्हायचा, तिथे हा पठ्ठ्या खऱ्या बॅटी घेऊन उभा राहायचा. म्हणायचा, दिवा बिघडेल, रेडिओ बिघडेल, माझे हात बिघडणार नाहीत. दोन्ही हात पसरले की सगळं ठीक, तसाच ये. एक बॅट गळ्यावरून फिरवली की इंजिन बंद. दोन्ही बॅटी डोक्यावर फुली मारून हलवल्या की येऊ नकोस, पूर्ण जोर दे आणि वर जा. बाकीच्या खुणा म्हणजे सल्ला. शेवटच्या दोन म्हणजे हुकूम.

एका दुपारी समुद्र खवळलेला होता, पण मी इतका सुरेख खाली येत होतो की माझा मलाच अभिमान वाटत होता. आणि ऐन वेळी लाल दिवे लागले, कानात बोपय्याचा आवाज आला, वर जा. मनात त्याला शिव्या घातल्या आणि जोर दिला. डेकवरून जाताना खाली बघितलं, तर आधी उतरलेल्या विमानाचा हुक तारेतून सुटला नव्हता आणि चार माणसं त्याच्या शेपटीखाली वाकून तो सोडवत होती. मी हट्ट केला असता तर त्यांच्यावर उतरलो असतो. नंतर उतरलो आणि बोपय्याला शोधून काढलं. तो म्हणाला, "टोनी, खूण दिसली की विचार करायचा नाही. विचार नंतर, चहाबरोबर."

त्या दिवसापासून ती खूण माझ्या डोक्यापर्यंत जातच नाही. डोळ्यांतून थेट हातापायांत जाते. त्यावर मी पुढची सगळी वर्षं जिवंत राहिलो, निवृत्त झालो, पेन्शन खातो आहे. बोपय्याला जाऊन आता पाच वर्षं झाली, पण त्याच्या आत्म्यासाठी मी दर महिन्याला चर्चमध्ये मीस सांगतो ती याच कारणासाठी.

आता आपल्या घराचं. एका बाजूला दगडी क्रूस, आपला खुरीस, दुसऱ्या बाजूला विहिरीचा कठडा, मधून गाडी काढून बाल्कांवासमोरून शेडमध्ये घालायची. पहिली गाडी आली तेव्हा मी आरसा खुरसाला घासला, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून आलो तर मम्मा बाल्कांवाच्या पायरीवर तुझ्या शाळेतल्या दोन बॅडमिंटन रॅकेटी घेऊन उभी. तू दारात हसून लोळत होतीस, आठवतं? तिला मी खुणा कधी तरी मेसच्या जेवणात सांगितल्या होत्या, आणि तिने त्या पाठ करून ठेवल्या होत्या. तेव्हापासून गाडीचा हॉर्न वळणापाशी वाजला की ती रॅकेटी घेऊन बाहेर. हातातलं पीठ तसंच, कधी केसांना रंग लावलेला तसाच. गाव हसायचं. मी मात्र तिने हात पसरलेले दिसले की घरी आलो असं समजायचो. सांगितलं नाही कधी तिला. तू सांग.

मोंती फेस्ताच्या आदल्या दिवशी, सात तारखेला, सकाळी मी वास्कोहून इसवण मासा घेऊन आलो. हॉर्न दिला. ती बाहेर आली, हात पसरले. मी खुरीस आणि विहीर पार केली, कुठे न घासता, सफाईने. तेवढ्यात विहिरीमागून सेबेस्त्यांवची डुकरी निघाली, मागे पिलांची रांग. मम्माने ती बघितली आणि डोक्यावर रॅकेटींची फुली मारली.

मी पूर्ण जोर दिला.

ओलिंदा, विमान असतं तर मी वर गेलो असतो. माझ्या पायाला हे कोणी सांगितलं नव्हतं की खाली फियाट आहे. डुकरी वाचली, पिलं वाचली. गाडी पायरी चढून बाल्कांवावर आली. मम्माने उजवीकडे उडी घेतली, पण या वयात उडी ती केवढी. गाडीच्या कोपऱ्याचा धक्का तिला लागला आणि मग डाव्या बाकाने गाडी धरली. तो बाक चिऱ्याचा इतका जाड बांधून घेतला होता म्हणून मी तिच्याशी भांडलो होतो. तिला तिथे बसून वाटाणे सोलायला पाय वर घ्यायचे होते. त्या वाटाण्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. गाडी जुनी होती, इंजिनात दम नव्हता, त्याचेही.

मी दार उघडून तिच्याजवळ कसा पोचलो ते आठवत नाही. ती क्रोटनच्या झाडांत पडली होती, तोंड पांढरं, एक रॅकेट अजून हातात. पहिला शब्द काय बोलली असेल? "डुकरी लागली का रे?"

सेबेस्त्यांवने त्याचा मासळीचा टेम्पो काढला, गादी टाकली आणि आम्हाला इस्पितळात नेलं. वाटभर बर्फाचं पाणी आणि बांगड्यांचा वास. तो बिचारा स्वतःलाच दोष देत होता, डुकरी बांधून ठेवायला हवी होती म्हणून. नाताळला ती डुकरी तुमचीच, असं त्याने तिथेच जाहीर केलं. मम्मा म्हणाली, तिला कोणी हात लावलात तर बघा. इतक्या दुखण्यात तिला हे बोलायला सुचतं. मी हसलो, पण हल्ली हसलं की मला जरा थांबावं लागतं.

शस्त्रक्रियेच्या सकाळी तिला ढकलगाडीवरून नेत होते. मला लांब व्हरांड्याच्या टोकाला थांबवलं होतं. मी काय सांगू तुला, बाय. मी बोटीवर उतरलो आहे, लढाईत उडालो आहे, पण त्या व्हरांड्यात मला भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. दरवाजापाशी तिने परिचारिकेला थांबवलं. मान वळवून मला शोधलं. आणि चादरीतून दोन्ही हात काढून पसरले, सरळ, दोन्ही बाजूंना, सुई टोचलेला हातसुद्धा. सगळं ठीक, तसाच ये.

मग दार बंद झालं. मी तिथेच रडलो, सगळ्यांसमोर. एका म्हाताऱ्या कुणबी बाईने मला पाणी दिलं आणि "रडू नका, पात्रांव, बाई खमकी दिसते" म्हणाली. तिचं नावही विचारलं नाही. तिच्यासाठीही प्रार्थना करतो.

तुला आधी का कळवलं नाही ते आता लिहायलाच हवं. मागच्या नाताळला मी गाडी विहिरीच्या कठड्याला घासली तेव्हा मातेउश मागच्या सीटवर होता. तू मला म्हणाली होतीस, "पप्पा, गाडी सोड. यापुढे काही झालं तर मी मम्माला लिस्बनला घेऊन जाईन. तू राहा तुझ्या धावपट्टीजवळ." मी त्यावर काहीतरी विनोद केला. तू हसली नव्हतीस. या दोन आठवड्यांत ते तुझं वाक्य माझ्याबरोबर जेवलं आणि झोपलं. मला तुझी भीती वाटत नव्हती. तू बरोबर असशील, याची वाटत होती.

बुधवारी तिला घरी आणलं. खरं तर ते सांगायलाच मी इतकं लिहीत आलो. मी सकाळीच पुढे आलो, खाट लावली, केर काढला. अँब्युलन्स वळणापाशी आली आणि तिथेच थांबली. चालवणारा पेडण्याकडचा मुलगा, खाली उतरून खुरीस आणि विहीर बघून म्हणाला, इथून जमायचं नाही, खुर्चीवरून उचलून नेऊ. तेव्हा आतून मम्माचा आवाज आला. "जमतं. टोनी, रॅकेटी घे."

एक रॅकेट चाकाखाली मोडली होती. दुसरी होती. दुसऱ्या हातात मी स्वयंपाकघरातलं भांड्यावरचं गोल झाकण घेतलं आणि पडक्या बाकाशेजारी पायरीवर उभा राहिलो. ओलिंदा, सगळं आयुष्य मी खुणा पाळल्या, कधी केल्या नव्हत्या. समोरून येणाऱ्या काचेमागे आपलं माणूस आहे आणि ते फक्त आपल्या हातांकडे बघून येतं आहे, हे काय असतं ते मला या वयात कळलं. बोपय्या हे रोज करत होता. मम्मा हे इतकी वर्षं करत होती, हातातलं पीठ तसंच ठेवून.

मुलगा बिचारा गोंधळला. मम्मा आतून त्याला समजावत होती आणि मला ओरडत होती. "टोनी, हात वर कर, त्याला दिसत नाही." हात वर जात नव्हता, वय झालं. जेवढा गेला तेवढा केला. गाडी इंच इंच करत खुरसापाशी आली, विहिरीला चुकवलं, बाल्कांवासमोर आली. मी रॅकेट गळ्यावरून फिरवली. मुलाने इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं, नुसता बोसन घोरत होता. दार उघडलं तेव्हा ती म्हणाली, "पहिल्याच वेळी बरोबर उतरवलंस."

आता रिपोर्टचा शेवट. गाडी शेडमध्ये आहे, नाक चेपलेलं. मिस्त्री म्हणतो, दिवाळीपर्यंत पुन्हा उभी करतो. माझं मन दिवसातून दहादा हो म्हणतं. म्हणून या पाकिटात कापसात गुंडाळून गाडीची किल्ली ठेवली आहे. दुसरी किल्ली विहिरीत टाकली, मम्मासमोर. ही तुझ्याकडे राहू दे. मी फोनवर मागितली, गोड बोललो, विनोद केला, तरी देऊ नकोस.

आणि तू ये. तिकिटाचं जमेल तसं, पण ये. मम्माला बघ, तिच्या पायावर हात ठेव, डॉक्टरशी तुमच्या भाषेत बोल. मग वाटलं की तिने तुझ्याबरोबर यावं, तर मी तिची पेटी भरीन. तू लहानपणी त्या बाल्कांवाच्या दारात हसून लोळायचीस, आता त्या पायरीवर तू उभी राहा. हात पसरलेस तर आम्ही दोघं इथेच राहू. डोक्यावर फुली मारलीस तर तो हुकूम समजेन. फक्त या वेळी जोर देणार नाही. थांबेन.

मला जे मिळालं ते सगळं दुसऱ्या कोणीतरी काठावर उभं राहून मिळवून दिलं. डेकवर, या घरात, त्या इस्पितळाच्या व्हरांड्यात. तक्रार करायला मला तोंड नाही, आणि इच्छाही नाही.

तुझ्या खुणेची वाट बघणारा,
तुझा पप्पा,
तियोतोनियो रिबेलो

ता. क. ओलिंदा, मी वाचलं. सगळं खरं लिहिलं आहे. एक लिहिलेलं नाही. बुधवारी त्याचा हात खांद्याच्या वर जाईना, तेव्हा मी डॉक्टर मोंतेरोंना घरी बोलावलं. त्याच्या दोन बरगड्या मोडल्या आहेत. धडकेत गाडीच्या स्टिअरिंगने. आठवडाभर तसाच इस्पितळात माझ्या उशाशी खुर्चीत बसून होता आणि मला म्हणत होता, खोकला आहे.

तू नक्की ये, पण मला न्यायला नको. मी गेले तर याला हात पसरून घरात कोण घेणार? येताना दोन रॅकेटी आण. हलक्या बघ, माझा हात आता दुखतो.

तुझी मम्मा, एस्पेरांसा